श्कॉत्स्यान गुहा

स्लोव्हेनियाच्या नैर्ऋत्य भागातील प्रसिद्ध नदीगुहा व तिच्या परिसरातील गावे. क्रास या चुनखडकाच्या पठारावर, दिवाचा नगरपालिकेच्या हद्दीत. गुहेची लांबी सु. ६ किमी., खोली २२३ मी. जवळच्याच पोस्तोयना गुहेकडे प्रवाशांचा ओघ कितीतरी अधिक असतो. तथापि भूमिगत नदीचे येथल्यासारखे रौद्र रूप तेथे दिसत नाही.

या गुहेतून वाहणारी रेका नदी स्नेझ्निक पर्वताच्या उतारावर उगम पावते. वालुकाश्म व मार्ल यांच्या थरांतून पाणी मुरत नसल्याने सु. ५० किमी. ती जमिनीवरूनच वाहते. चुनखडक लागताच तिचे पात्र खोल होत जाते आणि श्कॉत्स्यान गावाच्या थेट खालून ती गुहेत शिरते. गुहेचे छत कोसळून झालेल्या दोन प्रचंड गर्तांच्या तळाशी ती पुन्हा उजेडात येते. यांपैकी मोठी गर्ता सु. १६५ मी. खोल असून दोहोंमध्ये नैसर्गिक कमान उरली आहे. त्यापुढे नदी दिसेनाशी होते व सरळ रेषेत सु. ३५ किमी. अंतरावर, इटलीतील दुइनोजवळ तिमाव्हो झऱ्यांच्या रूपाने प्रकटते. गुहेतील मार्टेल दालन सु. १४६ मी. उंच असून यूरोपातील सर्वांत मोठ्या भूमिगत दालनांत ते मोडते. त्याच्या टोकाशी पाण्याची वाट अरुंद असल्याने महापुरात पाणी तुंबते. १९६५ च्या पुरात ते शंभर मीटरांहून अधिक चढले होते.

नदी जाते कोठे, हा प्रश्न फार जुना आहे. डोंगरातून येणारा तिमाव्हस (तिमाव्हो) विवरात पडतो व जमिनीखालून वाहून समुद्राकाठी निघतो, असे पोसिडोनियसचे म्हणणे स्ट्रेबोने नोंदविले आहे. योहान व्हायकार्ड व्हाल्व्हासोर याने १६८९ मधील आपल्या ग्रंथात या गर्तांचे वर्णन केले. एकोणिसाव्या शतकात या कुतूहलाला निकडीची जोड मिळाली. त्रिएस्ते बंदराची वस्ती झपाट्याने वाढत होती आणि शहराला गोड्या पाण्याची टंचाई जाणवत होती. रेकेचे पाणी शहराजवळ जमिनीखाली गाठता येईल, अशी आशा होती. लिंडनर याने १८४१ मध्ये त्रेबिचानो येथील ३२९ मी. खोल विवराच्या तळाशी वाहते पाणी शोधून काढले. ते इतक्या खोलवर होते, की पाणीपुरवठ्यासाठी त्याचा उपयोग झाला नाही. आडोल्फ श्मिडल याने १८५१–५२ मध्ये इद्रिया खाणीतील कामगारांच्या साहाय्याने श्कॉत्स्यानचा प्रवाह अजमावला. पुढे १८८४ पासून जर्मन-ऑस्ट्रियन आल्प्स मंडळाच्या त्रिएस्ते येथील शाखेचे हांके, म्यूलर व मारिनिच यांनी एकेक धबधबा ओलांडत १८९० मध्ये प्रवाहाच्या टोकाचा ‘मृत सरोवर’ हा डोह गाठला.

या संशोधनाचे श्रेय शहरी मंडळींच्या नावे लागले असले, तरी प्रत्यक्ष काम आसपासच्या गावांतील शेतकऱ्यांनी केले, हे नमूद करणे अवश्य आहे. पुराचे पाणी पोहोचणार नाही अशा उंचीवर, सरळ कड्यात छिन्नी-हातोड्याने त्यांनी पायऱ्या खोदल्या. काही ठिकाणी त्या जेमतेम पाऊल मावेल एवढ्याच रुंद आहेत. आधाराला भिंतीत ठोकलेले लोखंड, आणि खाली नदी. आजच्या वाटेवरून त्या अजूनही दिसतात. गुहेचा कोरडा भाग, ‘निःशब्द गुहा’, १९०४ मध्ये उंच भिंत चढून गावकऱ्यांनीच शोधला. तेथे जाण्यासाठी १९३३ मध्ये बोगदा खोदण्यात आला. विजेचे दिवे १९५९ पासून आहेत.

परिसरातील माशीगुहा या सु. ५० मी. खोल विवरात इ. स. पू. बाराव्या ते आठव्या शतकांतील शिरस्त्राणे, भाल्यांची पाती इ. वस्तू सापडल्या. त्या आगीत टाकून मग अर्पण केलेल्या होत्या. यांतील बऱ्याच वस्तू व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहेत.

गर्तांच्या तळाशी थंड हवा साचून राहते. त्यामुळे आल्प्समधील वनस्पती तेथे टिकून आहेत, तर थोड्याच अंतरावर उबदार कपारीत भूमध्य सागरी प्रदेशातील हंसराज वाढतो. भूमिगत पाण्यात प्रोटियस हा आंधळा उभयचर आढळतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ईलिर्स्का बिस्त्रित्सा येथील कारखान्यांच्या सांडपाण्याने नदी अत्यंत दूषित झाली होती. नंतर पाणी बरेच सुधारले.

श्कॉत्स्यान, मातावुन व बेतान्या ही तीन गावे संरक्षित उद्यानात (स्थापना १९९६, ४१३ हेक्टर) मोडतात. तिन्ही मिळून लोकवस्ती शंभराच्या आत. हा मुलूख १९१८ पर्यंत ऑस्ट्रियाकडे, नंतर इटलीकडे व १९४७ पासून यूगोस्लाव्हियाकडे होता. घरे दगडी असून शेतांना चुनखडकाचे, चुन्याविना रचलेले बांध आहेत. श्कॉत्स्यान येथे सेंट कांत्सियानचे चर्च आहे. तेथील एका जुन्या खळ्याच्या कोठारात शेतीची अवजारे मांडलेली आहेत. गुहा पाहून लगेच परतणारे प्रवासी ती पाहत नाहीत, हे खेदाचे आहे.

शेती व पशुपालन हे जुने व्यवसाय. अलीकडे पर्यटन महत्त्वाचे.

१९८६ मध्ये जागतिक वारसास्थळ, १९९९ मध्ये रामसर पाणथळ स्थळ. वार्षिक प्रवासी लाखावर. गुहेत वाटाड्याबरोबरच प्रवेश मिळतो. तापमान वर्षभर सु. १२° से. असल्याने उन्हाळ्यातही गरम कपडे न्यावेत. दिवाचा रेल्वेस्थानकापासून मातावुनपर्यंत सु. ३ किमी.ची पायवाट आहे.