गेम आधी, दुरुस्ती मागाहून

विक्रीस आलेल्या व्हिडिओ गेममधील दोष काढण्यासाठी कंपनी इंटरनेटवरून जी दुरुस्ती पाठवते, तिला ‘पॅच’ म्हणतात. कार्ट्रिजच्या काळात विकला गेलेला गेम सुधारता येत नसे. साहजिकच चाचणी विक्रीपूर्वीच उरकावी लागे. इंटरनेट आले आणि ही शिस्त सैलावली. १० डिसेंबर २०२० रोजी बाजारात आलेला ‘सायबरपंक २०७७’ प्लेस्टेशन ४वर इतका अडखळला, की आठवडाभराने सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून ग्राहकांना पैसे परत देऊ केले. तेथे तो परतला थेट जून २०२१मध्ये. असे पॅच अनेकदा कित्येक गिगाबाइटचे असतात. रोहे-अष्टमीसारख्या गावात मोबाइलच्या डेटावर विसंबणाऱ्याने पूर्ण किंमत मोजून डिस्क आणली, तरी दुरुस्तीचा डेटा त्याच्याच खिशातून जातो.