लोणार परिसर : लोककथा, म्हणी आणि स्त्री

लोणार (जि. बुलढाणा) येथील उल्काघाताने बनलेल्या खाऱ्या सरोवराची कथा स्त्रीविषयक मौखिक परंपरेत महत्त्वाची आहे. विवरात दडलेला लवणासुर सापडेना, तेव्हा विष्णूने देखण्या तरुणाचे रूप घेऊन त्याच्या दोन बहिणींना भुलवले आणि त्याची लपण्याची जागा त्यांच्याकडून जाणून घेतली. पायाच्या अंगठ्याने विवरावरचे झाकण उडवून त्याने असुराला मारले. सरोवराचे पाणी हे त्याचेच रक्त, अशी समजूत आहे. गावातील दैत्यसूदन मंदिर या विष्णूचे. प्रचलित कथेत बहिणींना नावे नाहीत. भाऊ मेल्यावर त्यांचे काय झाले, हेही कथा सांगत नाही.

कमळजा देवी : सरोवराकाठी मंदिर, नवरात्रात यात्रा.

म्हणी : ‘लेकी बोले सुने लागे’ ही म्हण घरातल्या बोलण्याची रीतच सांगते : रागवायचे लेकीला, झोंबायचे सुनेला. ‘चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे’ म्हणताना सुनेला धीर मिळतो, पण सासुरवासाची व्यवस्था तशीच राहते. ‘नवऱ्याने मारले, पावसाने झोडपले, तर तक्रार कुणाकडे?’ या म्हणीत मारहाण निसर्गाच्या पंक्तीला बसवली आहे. म्हणी मुळात कोणाच्या तोंडच्या, याविषयी एकमत नाही. ए. मॅनवेअरिंग यांचा मराठी म्हणींचा संग्रह 1899 मध्ये निघाला. म्हण कोण कोणाला म्हणते, याची नोंद मात्र संग्रहांतून क्वचितच आढळते. आफ्रिकेतील स्त्रीविषयक म्हणींचा मिनेके स्किपर यांचा संग्रह (1991) तुलनेसाठी पाहावा.

भुलाबाई : भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत मुली गाणी म्हणतात, विषय सासर-माहेर.

ताराबाई शिंदे : बुलढाण्याच्या. 1881 मध्ये सुरतच्या विजयालक्ष्मी या विधवेला अर्भकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे ती सौम्य करून काळ्या पाण्याची केली गेली. या निमित्ताने वृत्तपत्रांतून समस्त बायकांवर आगपाखड सुरू झाली. या आगपाखडीला उत्तर म्हणून ताराबाईंनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ (1882) लिहिली. साहस, कपट, अविचार हे दोष बायकांचेच कसे, ते पुरुषांत नाहीत काय, असा प्रश्न घेऊन त्या एकेक आरोप तपासतात. भाषा घरात भांडणाऱ्या बाईची, ठसकेबाज. तीच या ग्रंथाची ताकद. जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली. नंतर विस्मरणात गेलेला हा ग्रंथ स. गं. मालशे यांनी 1975 मध्ये पुन्हा प्रसिद्ध केला. म्हणींचा कोणताही संग्रह वाचताना तो शेजारी ठेवावा.