अतलसाची चमक आणि रिठ्याचं पाणी

जुन्या घरांतल्या ट्रंका उघडल्या की आजही एखादी साटिनची कुंची, एखादा बटवा, बाळाचं टोपरं हाती लागतं. ते पाहून आनंद होतो आणि पाठोपाठ प्रश्न पडतो, हे धुवायचं कसं? मला हा प्रश्न अनेक जणी विचारतात. उत्तर देताना मी थोडी मागे जाते, कारण ते उत्तर या कापडाच्या इतिहासातच आहे.

साटिनला आपल्याकडे जुना शब्द आहे अतलस. मूळ अरबी, अर्थ गुळगुळीत. ‘सॅटिन’ हे नाव मात्र चीनमधल्या च्वानचौ बंदराच्या ‘झैतून’ या अरबी नावावरून आलं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. चौदाव्या शतकातला प्रवासी इब्न बतूता यानेही तिथल्या रेशमी कापडाचं कौतुक केलं आहे. आपल्याकडचा मशरू याच विणीचा. वर रेशीम, आत सूत. शुद्ध रेशीम अंगाला लागू नये हा मुसलमान पुरुषांसाठीचा धार्मिक दंडक त्यामुळे पाळला जाई. मशरू या शब्दाचा अर्थच ‘धर्माला मान्य’ असा आहे.

या कापडाचं मर्म त्याच्या विणीत आहे. साध्या कापडात धागा एकाआड एक वर-खाली जातो. अतलसात तो चार किंवा अधिक धाग्यांवरून मोकळा तरंगत जातो आणि मगच खाली उतरतो. प्रकाश पडतो तो या मोकळ्या धाग्यांवर. पण जो धागा मोकळा, तोच आधी घासला जातो. म्हणून अतलस चोळायचं नाही, पिळायचं नाही आणि त्यावर ब्रश तर फिरवायचाच नाही.

रेशीम हे केसांसारखंच प्रथिन. त्याला क्षार सोसत नाहीत. आपल्या आज्या-पणज्यांना रसायनशास्त्र ठाऊक नव्हतं, पण रिठा ठाऊक होता. रिठ्याला फेस येतो आणि धुण्याच्या सोड्याचा कडकपणा त्यात नसतो. १८८८ साली सनलाइट साबणाच्या वड्यांची खोकी कलकत्त्याच्या बंदरात उतरली. पुढे वडीचा साबण घरोघरी पोचला. सुती कपड्यांची त्याने सोय केली. रेशमाला मात्र तो मानवणारा नव्हता.

मग कापडच बदललं. १८९२ साली इंग्लंडमध्ये व्हिस्कोसचं पेटंट घेतलं गेलं आणि कृत्रिम रेशीम आलं. १९४१ साली तिथेच पॉलिएस्टरचा धागा तयार झाला. आज दुकानातली साटिनची रिबीन बहुधा पॉलिएस्टरची असते. ती सौम्य साबणाने बिनघोर धुवावी. पण त्याच सवयीने आजीचा बटवा यंत्रात टाकला, तर गेलेली चमक परत येत नाही.

म्हणून आधी ओळख पटवा. आतल्या शिवणीतला एक धागा काढून चिमट्यात धरून जाळा. केस जळाल्याचा वास आला आणि राख बोटांनी चुरली तर रेशीम. कागदासारखा भुर्रकन जळाला तर व्हिस्कोस. ते ओलं झालं की फार कमजोर होतं. वितळून कडक मणी झाला तर पॉलिएस्टर.

रेशीम असेल तर आठ-दहा रिठे रात्रभर भिजवा, कुस्करा, पाणी गाळून घ्या. ओल्या पांढऱ्या फडक्याने कोपरा टिपून रंग जातो का पाहा. जात असेल, किंवा वस्तूवर जर, टिकल्या असतील, तर धुऊच नका. नाहीतर थंड पाण्यात रिठ्याचं पाणी घालून वस्तू नुसती दाबत धुवा आणि स्वच्छ पाण्यातून काढा. पंचात गुंडाळून पाणी टिपा, सावलीत वाळवा. किंचित दमट असताना उलट बाजूने मंद इस्त्री करा. शुभ्र साटिनला मात्र रिठा नको, त्याच्या पाण्याला तपकिरी झाक असते.

 हे ज्ञान घराघरांत सासूकडून सुनेकडे, आईकडून लेकीकडे तोंडी आलं. घरात कुणी जाणती असेल, तर कुंचीबरोबर तिला हेही विचारून ठेवा.