कांडणातली ओवी

अहमदपूर भागात लग्नघरी अजूनही घाणा भरतात. उखळात हळकुंडं टाकायची, दोन मुसळं एकत्र बांधायची, सवाष्णींनी हात लावायचा आणि कांडता कांडता गायचं. लागणारी हळद दुकानातून दळून आलेली असते, उखळातली नुसती शास्त्रापुरती. गाणं मात्र शास्त्रापुरतं नसतं. एखादी म्हातारी ओवी उचलते, बाकीच्या मागून धरतात आणि मांडवातली गडबड घटकाभर थांबते.

ओवी म्हटलं की आपल्याला जातं आठवतं. पण ओवीचा सगळ्यात जुना लेखी उल्लेख जात्याशी नाही, कांडणाशी जोडलेला आहे, आणि तो लिहिला गेला तो आपल्या शेजारीच. अहमदपूरच्या सरळ दक्षिणेला, शंभर किलोमीटरच्या आत बसवकल्याण आहे. चालुक्यांची राजधानी कल्याणी ती हीच. आज ते बीदर जिल्ह्यात येतं. अहमदपूरही 1956 पर्यंत बीदर जिल्ह्यातच होतं. कल्याणीचा राजा तिसरा सोमेश्वर यानं 1129 च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. राज्यकारभारापासून स्वयंपाकापर्यंत सगळं त्यात आहे. कुठल्या प्रसंगी कोणतं गाणं गावं हे सांगताना तो लग्नात धवल, उत्सवात मंगल अशी यादी देतो आणि म्हणतो, महाराष्ट्रात बायका कांडताना ओवी गातात. राजानं एवढंच लिहिलं. पण त्यानं लिहिलं तेव्हा हे गाणं नावानिशी ओळखलं जात होतं, म्हणजे त्याआधी किती पिढ्या ते उखळाभोवती घुमत असेल!

त्यानंतर शंभरेक वर्षांनी देवगिरीच्या यादवांकडे शार्ङ्गदेवानं ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात ओवीची घडणही आहे: देशी भाषेत गायचे, यमकानं बांधलेले तीन खंड आणि शेवटी ‘ओवी’ हा शब्द. मग 1290 मध्ये ज्ञानेश्वरी आली. तिची ओवी बघा. तीन चरण यमकाचे, चौथा तोकडा आणि मोकळा. ज्ञानदेवांनी गीतेचं तत्त्वज्ञान सांगायला संस्कृत वृत्त घेतलं नाही, बायकांच्या कामाचा छंद घेतला. शाळेत आम्हाला हे उलट्या क्रमानं शिकवलं गेलं. आधी ज्ञानेश्वरी, मग केव्हातरी लोकगीतांच्या धड्यात जात्यावरची ओवी. साल बघितलं तर बायका दीडशे वर्षं आधी आहेत.

मुसळावरून ओवी जात्यावर कधी आली, ते सालात बांधता येत नाही. मात्र तिथं ती का रमली ते कान सांगतो. मुसळ वर जातं, खाली येतं, प्रत्येक ठोक्याला श्वास तुटतो. जात्याच्या फेऱ्याला टोक नाही. समोरासमोर दोघी बसल्या की एकीनं ओढायचं, दुसरीनं लोटायचं. एकीनं ओळ टाकायची, दुसरीनं झेलायची. मधेच मूठभर वैरण घालायची, तेवढाच विसावा. पहाटे अंधारात घरादाराचं दळण उरकायचं असे, आणि त्या वेळी बाईचं बोलणं ऐकायला दुसरं कुणी जागं नसे. इथून पस्तीस-चाळीस किलोमीटरवरच्या गंगाखेडच्या जनाबाईला दळू लागायला विठ्ठल आला, ही कथा अशाच पहाटेची आहे.

ओवीच्या चालीला बायका ‘गळा’ म्हणतात. हा शब्द मला फार आवडतो. एका गळ्यात शेकडो ओव्या बसतात. पहिल्या ओळी पुष्कळदा सगळ्यांच्या सामाईक असतात, पुढे प्रत्येक जण आपल्या भावाचं नाव, माहेरचं गाव, आपलं दुखणं ओवते. ओवी हा शब्द ओवण्यावरून आला असं सांगतात, ते या अर्थानं खरंच वाटतं. म्हणून नवी पोर जुनी ओवी गाते तेव्हा ती नक्कल करत नाही. दोरा आजीचा, मणी तिचे.

अमेरिकेतल्या अशाच एका पोरीची गोष्ट इथं सांगायला हवी. 1937 मध्ये केंटकीतल्या मिडल्सबरो गावात ॲलन लोमॅक्स हा संग्राहक रेकॉर्डिंगचं यंत्र घेऊन गेला. खाणकामगाराची सोळा वर्षांची मुलगी जॉर्जिया टर्नर हिनं त्याला आयुष्य वाया गेल्याचं एक जुनं, निनावी गाणं म्हणून दाखवलं. ‘रायझिंग सन ब्लूज’ म्हणून ते त्याआधीही लोकांत होतं. लोमॅक्सनं 1941 च्या पुस्तकात ते छापलं आणि जॉर्जियाचं नाव दिलं. 1964 मध्ये इंग्लंडच्या ‘द ॲनिमल्स’नी तेच गाणं जगभर गाजवलं. पुस्तकात नाव नसतं, तर त्या गाण्याला आवाज देणारी ही पोर आज कुणाला ठाऊकही नसती.

आपल्याकडे हे काम पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांनी केलं. हजाराहून अधिक गावांतल्या तीन हजारांहून अधिक बायकांच्या एक लाखावर ओव्या त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जमवल्या. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल यांनी बायकांचे आवाज ध्वनिमुद्रित केले. 2017 पासून ‘पारी’ हा ग्रामीण भारताचा संग्रह त्या ओव्या गाणारीच्या नावागावासकट ऐकवतो. जात्यावर गायलेल्या बाबासाहेबांच्या ओव्याही त्यात आहेत. या नावागावाचं मोल मला ओव्यांइतकंच वाटतं.

गावोगाव पिठाची गिरणी आली आणि बायकांच्या खांद्यावरचं मोठं ओझं उतरलं. त्याचं दुःख कुणी करू नये. पण गळे त्याबरोबर गेले. माझ्या आजीच्या ओव्यांचे शब्द आईला आठवतात, चाल आठवत नाही.

तुमच्या घरात, भावकीत जिनं जातं ओढलंय अशी बाई असेल, तर येत्या लग्नात घाणा भरताना फोन तिच्याजवळ धरा. आधी तिला तिचं नाव, सासर आणि माहेर सांगू द्या, मग गाऊ द्या.