सिद्दींची कवंडी

आपल्या घराण्याचा माग काढायचा म्हटला की कॅथलिक माणसाची पावले आपोआप चर्चच्या जुन्या कपाटाकडे वळतात. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या कसर लागलेल्या नोंदवह्यांत आजोबा सापडतात, आजोबांचे आजोबा सापडतात, त्यांचे धर्मपिता आणि धर्ममाताही सापडतात. एखाद्याचे नशीब चांगले असेल तर तो पोर्तुगीज अमदानीपर्यंत जाऊन पोचतो. नोव्हेंबर महिन्यात मृतांसाठी मिस्सा सांगताना धर्मगुरूंकडे नावांची यादी द्यावी लागते. ती यादी आपण सहज लिहितो. अशी यादी लिहिता येणे हे मोठे भाग्य असते, हे मात्र आपल्या ध्यानात येत नाही.

गोव्याच्या पूर्वेला सह्याद्री ओलांडला की उत्तर कन्नड जिल्ह्याचे जंगल लागते. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड, अंकोला, जोयडा या तालुक्यांत, तसेच पलीकडे बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांच्या काही भागांत सिद्दी नावाचा समाज राहतो. कुरळे केस, काळा वर्ण आणि चेहऱ्याची ठेवण पाहताच त्यांचे मूळ आफ्रिकेत आहे हे कोणालाही कळते. घरात मात्र ते जी बोली बोलतात ती कोकणीच्या वळणाची असून तिच्यात मराठी आणि कानडी शब्दांची भर आहे. आपल्यापैकी कोणी तेथे गेला तर त्याला त्यांचे निम्मे बोलणे सहज समजेल. हा समाज धर्माने तीन प्रकारचा आहे : हिंदू, मुसलमान आणि कॅथलिक. कॅथलिक सिद्दींची वस्ती प्रामुख्याने हल्याळ परिसरात आहे. १९७६ साली बेळगाव धर्मप्रांतातून वेगळ्या झालेल्या कारवार धर्मप्रांतात हा प्रदेश येतो. म्हणजे ही माणसे आपल्याच धर्मकुटुंबातली, जवळच्याच धर्मप्रांतातली आहेत. तरीही वसईपासून पणजीपर्यंतच्या आपल्या साहित्यात त्यांचा उल्लेख क्वचितच येतो.

ती तेथे कशी आली, हा प्रश्न अडचणीचा आहे. कदाचित म्हणूनच तो फारसा विचारला जात नाही.

आफ्रिकेतून दख्खनमध्ये माणसे आणण्याचा व्यापार पोर्तुगीजांच्या आधीपासून चालू होता. अरब व्यापाऱ्यांनी आणलेले हबशी बहमनी आणि त्यानंतरच्या सुलतानांच्या फौजांत होते. त्यांच्यापैकी मलिक अंबर (मृत्यू १६२६) निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. जंजिऱ्याच्या सिद्दीने तर मराठ्यांना आणि मुंबईकर इंग्रजांना पिढ्यान्पिढ्या स्वस्थ झोपू दिले नाही. तलवार गाजवणाऱ्यांचा इतिहास लिहिला जातो. घरकाम करणाऱ्यांचा लिहिला जात नाही. पोर्तुगीजांनी मोझांबिकच्या किनाऱ्यावरून जी माणसे गोव्यात आणली, ती बहुतांशी घरकामासाठीच होती. पालखी उचलणे, छत्री धरणे, पाणी भरणे, स्वयंपाक करणे आणि धन्याची प्रतिष्ठा वाढवण्यासाठी त्याच्या मागून चालणे ही त्यांची कामे. वसईतील फिदाल्गोंची घरेही या चालीला अपवाद नव्हती. 'काफ्र' हा पोर्तुगीज शब्द आपल्या किनाऱ्यावर 'खापरी' झाला. कारवारजवळ कोडीबागेला खापरी देवाचे एक स्थान आहे. ज्याला बाजारात विकले त्याच्याच नावाने पुढे नवस बोलले गेले.

गोव्यातील या व्यापाराचे एक सविस्तर वर्णन ज्याने लिहून ठेवले आहे, तो प्रत्यक्ष आर्चबिशपांच्या पदरी होता. यान हाउखेन व्हान लिन्सखोतेन हा डच तरुण १५८३ ते १५८८ या काळात गोव्याचे आर्चबिशप विसेंते द फोन्सेका यांच्याकडे कारकून म्हणून काम करीत होता. त्याचा प्रवासग्रंथ १५९६ साली आम्स्टरडॅम येथे प्रसिद्ध झाला. गोव्याच्या मुख्य रस्त्यावर रोज सकाळी भरणारा लिलाव, तेथे घोडे, गालिचे, जडजवाहीर यांच्याबरोबर विक्रीस उभी केलेली माणसे, हे सारे त्याने पाहिले. मला मात्र त्याच्या ग्रंथातील दुसरीच एक नोंद अधिक महत्त्वाची वाटते. तो सांगतो की गुलाम स्त्रिया फळांचे मुरंबे करीत, तसेच सुईचे बारीक, नाजूक काम करीत. मग त्यांपैकी तरुण व देखण्या स्त्रियांना नटवून तो माल विकण्यासाठी धनी रस्तोरस्ती पाठवीत. त्या कमाईवर घर चाले. सुई त्या स्त्रीच्या हातात होती, परंतु टाका तिचा नव्हता. माल विकताना तिचे शरीरही विकले जाई, हेही लिन्सखोतेनने झाकून ठेवलेले नाही.

त्याच काळात बंगालमधील सातगाव आणि गुजरातेतील खंबायत येथून 'कोल्चा' नावाच्या भरजरी गोधड्या लिस्बनला जात असत. पिवळ्या टसर रेशमाने भरलेल्या त्या वस्त्रांवर शलमोन राजाचा न्याय, आपल्या रक्ताने पिलांना पोसणारा पेलिकन पक्षी, गलबते, शिकारी असे सारे काही असे. आज त्या लिस्बन, लंडन, बॉस्टन येथील संग्रहालयांत काचेआड जपलेल्या आहेत. धन्याच्या अंगावरचे पांघरूण चारशे वर्षे टिकले. दाराशी निजणाऱ्याच्या अंगावर काय होते, ते सांगणारा एकही धागा उरलेला नाही.

आणि या सर्वांत चर्चची भूमिका काय होती ? पोप पाचवे निकोलस यांनी १४५२ साली पोर्तुगालच्या राजाला पाठविलेल्या पत्राने ख्रिस्तेतरांना दास करण्याची मुभा दिली होती, हे सत्य आहे. पोप सोळावे ग्रेगरी यांनी १८३९ साली गुलामांच्या व्यापाराचा स्पष्ट शब्दांत निषेध केला, हेही सत्य आहे. मधल्या जवळजवळ चारशे वर्षांत कित्येक धर्मगुरूंनी गुलामांचे अश्रू पुसले आणि कित्येक धर्मसंस्थांनी स्वतःच गुलाम बाळगले. गुलामाला बाप्तिस्मा देणे हे धन्याचे कर्तव्य मानले जाई. त्या पवित्र पाण्याबरोबर त्याला संताचे नाव मिळे, पण आईने ठेवलेले नाव पुसले जाई. आपल्याला पूर्वजांपर्यंत नेणारी नोंदवही या माणसांच्या बाबतीत नेमकी तेथेच थांबते. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९२ च्या फेब्रुवारीत सेनेगलमधील गोरे बेटावर, जेथून गुलामांची गलबते सुटत, तेथे उभे राहून ख्रिस्ती माणसांनी केलेल्या या पापाबद्दल क्षमा मागितली. ते बेट अटलांटिकच्या किनाऱ्यावर आहे. आपल्या मांडवीच्या किनाऱ्यावरही अशा एका प्रार्थनेला जागा आहे, असे मला वाटते.

पोर्तुगीज वसाहतींतील गुलामांचा व्यापार कायद्याने १८३६ साली बंद झाला. प्रत्यक्ष गुलामगिरी रद्द व्हायला १८६९ साल उजाडले आणि तेव्हाही मुक्त झालेल्यांनी आणखी काही वर्षे जुन्याच धन्याची चाकरी करावी, अशी अट होती. सिद्दींनी मात्र कायद्याची वाट पाहिली नव्हती. आमचे पूर्वज गोव्यातून घाट चढून पळून आले, असे त्यांची परंपरा सांगते. काहींचे पूर्वज विजापूरच्या बाजूने आले असणेही शक्य आहे. जंगलाने त्यांना लपविले, पण जमीन दिली नाही. पुढच्या पिढ्या जमीनदारांच्या शेतावर राबल्या. सोबत आणण्यासारखे त्यांच्यापाशी काही नव्हते. सामान नाही, कागद नाही, नाव आहे तेही दुसऱ्याने दिलेले.

या समाजाच्या स्त्रिया 'कवंडी' शिवतात.

कवंडी म्हणजे आपली गोधडीच. देशावर तिला वाकळ म्हणतात, उत्तर कर्नाटकात कौदी. परंतु शिवण्याची रीत ध्यानात घेण्यासारखी आहे. एखादे जुने सुती पातळ अस्तर म्हणून जमिनीवर पसरतात. आपल्याकडे पुष्कळदा आधी तुकडे जोडून वरचा पदर तयार करतात आणि मग तो अस्तरावर बसवितात. सिद्दी स्त्री तसे करीत नाही. ती एका कोपऱ्यापासून सुरुवात करते. कापडाचा तुकडा घेते, त्याच्या कडा बोटांनी आत दुमडते आणि धावदोऱ्याने तो सरळ अस्तरावर टाचते. त्याला लागून दुसरा, मग तिसरा. अशी ती चारी कडांनी फिरत फिरत हळूहळू आत सरकते आणि सर्वांत शेवटी मध्य भरून येतो. कागदावर नक्षी काढलेली नसते, मोजपट्टी नसते. पुढचा तुकडा कोणता हे मागचा तुकडा लावून झाल्यावरच ठरते. दोऱ्याच्या समांतर ओळी मात्र सबंध गोधडीभर अखंड फिरतात आणि वरच्या रंगीबेरंगी गर्दीला तोलून धरतात. उलटी करून पाहिली तर अस्तरावर केवळ त्या ओळीच दिसतात, एकीच्या आत दुसरी, दुसरीच्या आत तिसरी.

वापरायचे कापड घरातलेच असते : नवऱ्याचा विटलेला सदरा, मुलीचे आखूड झालेले परकर, म्हातारीचे लुगडे. नव्या कापडाचे ठिगळ जुन्या वस्त्राला लावू नये, असे प्रभू येशूने दाखल्यात सांगितले आहे. ते या बायकांना कोणी शिकवायला नको. मऊ झालेले कापड मऊ कापडालाच धरून राहते, हे त्या आपल्या बोटांनी जाणतात. वर चिमुकले चौकोन टाचतात, त्यांना 'तिकेली' म्हणतात. बाळाच्या कवंडीवर ते अधिक असतात. कॅथलिक घरातील कवंडीवर पुष्कळदा क्रूस येतो, मुसलमान घरातीलवर कधी चंद्रकोर. चारी कोपऱ्यांना कापडाच्या घड्या घालून केलेली त्रिकोणी 'फुला' बसविल्याशिवाय काम पुरे झाले असे कोणी मानीत नाही. फुला नसलेली कवंडी उघडी-नागडी, असे त्या म्हणतात. ज्यांच्या पूर्वजांना अंगावरच्या वस्त्रानिशी, किंबहुना तेही नसताना, बाजारात उभे केले गेले, त्यांच्या तोंडी हा शब्द ऐकताना मन थबकते.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे कला-इतिहासकार हेन्री ड्रूअल यांनी या कवंड्यांचा अभ्यास केला. त्यांच्या प्रोत्साहनाने केंदळगिरी येथे सिद्दी स्त्रियांची एक सहकारी संस्था उभी राहिली. २०११ साली न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील शोम्बर्ग केंद्रात या कवंड्यांचे प्रदर्शन भरले. अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या, विशेषतः अलाबामा राज्यातील जीज बेंड या खेड्याच्या गोधड्या ज्यांनी पाहिल्या होत्या, त्यांना दोहोंतील साम्य पाहून नवल वाटले. तीच धीट रंगसंगती, तीच मोडत जाणारी लय. समुद्राच्या दोन टोकांना फेकल्या गेलेल्या बहिणींनी एकमेकींना ओळखावे, तसे हे वाटते.

तथापि येथे थोडे सावध राहावयास हवे. प्रत्येक टाक्यात आफ्रिका शोधण्याचा मोह अनावर असतो. पण सुई, धावदोरा, जुने पातळ हे सारे दख्खनचे आहे. कौदी आणि वाकळ शिवणाऱ्या शेजारणींपासून सिद्दी स्त्रियांनी पुष्कळ काही घेतले असणार. 'कवंडी' हा शब्दच 'कौदी'चा सख्खा भाऊ दिसतो. मला तर यात कमीपणा वाटत नाही. पूर्वजांची आठवण ठेवायला पूर्वजांचेच तंत्र हवे असे कोठे आहे ? जे हाती लागले त्यातून त्यांनी आपले असे काही उभे केले. लिन्सखोतेनने पाहिलेली स्त्री धन्याच्या बाजारासाठी शिवीत होती. केंदळगिरीची स्त्री आपल्या नातवासाठी शिवते, आणि विकली तरी किंमत तिच्या पदरात पडते.

सिद्दींमध्ये पूर्वजांचा मान मोठा आहे. हिंदू सिद्दींच्या घरांत 'हिरियारू', म्हणजे वाडवडील, नारळाच्या रूपाने पूजिले जातात. यल्लापूर तालुक्यातील सिद्दीनास या स्थानी तिन्ही धर्मांचे सिद्दी वर्षातून एकदा एकत्र येतात. आमचा धर्म वेगळा असला तरी आमचे मृत एकच आहेत, असा त्याचा सरळ अर्थ. नावे कोणालाच ठाऊक नाहीत आणि त्यावाचून काही अडतही नाही. कवंडीतही तसेच घडते. त्या तुकड्यांखाली कोणाचे नाव लिहिलेले नसते. आजीचे लुगडे कोठे आहे ते आईला ठाऊक असते. तिच्यामागून मुलीला फक्त एवढेच ठाऊक असते की हे कोणाचे तरी आहे, आपल्याच कोणाचे तरी.

प्रेषितांच्या कृत्यांत यापो येथील तबिथेची कथा येते. ती वारली तेव्हा गावच्या विधवा पेत्राभोवती रडत उभ्या राहिल्या आणि तिने शिवलेले अंगरखे व वस्त्रे त्याला दाखवू लागल्या. तिच्या गुणांचे वर्णन त्यांनी शब्दांनी केले नाही, टाके पुढे केले. पेत्राने तबिथेला नावाने हाक मारली आणि तिने डोळे उघडले.

उत्तर कन्नडच्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा २००३ साली मिळाला, बेळगाव आणि धारवाडच्या सिद्दींना २०२० साली. त्यासाठी जमातीचा दाखला लागतो, आणि दाखल्यासाठी वडिलांचे, आजोबांचे नाव लागते. कचेरीच्या पायऱ्यांवर ती नावे जुळवत बसलेल्या बायकांपैकी पुष्कळींच्या घरी, पेटीच्या तळाशी किंवा दांडीवर, एखादी कवंडी घडी घालून ठेवलेली असेल. तिचा मधला भाग कोणाचा बाकी असेल, कोणाच्या कोपऱ्यांना फुला लावायची राहिली असेल. पाऊस सुरू होण्याआधी ती पुरी करायची असते.