विभक्तीचे प्रत्यय : रचलेल्या भाषांचे आणि आपले



मराठी शाळेंत शिकलेल्या प्रत्येकानें ‘स, ला, तें, स, ला, ना, तें’ ही माळ केव्हांतरी तोंडपाठ केलेली असते. ती म्हणतांना द्वितीया आणि चतुर्थी या दोन ओळी अगदीं सारख्या कां, असें एखादा चौकस मुलगा विचारतो आणि बहुधा त्याला गप्प बसविण्यांत येतें. प्रश्न मात्र योग्य आहे. प्रत्यय भाषेला कशासाठीं लागतो, हें आपल्याच भाषेंत पाहणें अवघड जातें. कारण तिचे प्रत्यय शतकानुशतकें झिजत आलेले आहेत. म्हणून आज आपण प्रथम, माणसांनीं मुद्दाम बसून रचलेल्या भाषांकडे वळूं. तेथें प्रत्येक प्रत्ययाची जन्मकथा ठाऊक आहे.

जर्मनींतील बाडेन प्रांताचा योहान मार्टिन श्लायर हा कॅथॉलिक धर्मोपदेशक. त्यानें १८७९-८० च्या सुमारास ‘व्होलाप्यूक’ नांवाची भाषा रचिली. ‘व्होल’ म्हणजे जग, ‘प्यूक’ म्हणजे भाषा, आणि मधला ‘आ’ हा षष्ठीचा प्रत्यय. म्हणजे विभक्ति त्या भाषेच्या नांवांतच बसलेली आहे. तिच्यांत विभक्ति चार. घर म्हणजे ‘दोम’, घराचें म्हणजे ‘दोमा’, घराला म्हणजे ‘दोमे’, आणि घर हें कर्म असेल तर ‘दोमि’. यांत एकही अपवाद नाहीं. व्याकरणाच्या दृष्टीनें रचना निर्दोष होती. परंतु भाषेंत बदल करण्याचा अखेरचा अधिकार श्लायरनें आपल्याच हातीं राखला. १८८९ सालच्या पॅरिसच्या परिषदेनंतर अनुयायांत फूट पडली आणि ती भाषा मागें पडली.

दुसरा प्रयोग अधिक भाग्यवान ठरला. बियालिस्टोक हें गांव त्या काळीं रशियन साम्राज्यांत होतें. आज तें पोलंडांत आहे. तेथें पोलिश, रशियन, जर्मन आणि यिद्दिश बोलणारे लोक शेजारीं राहत आणि एकमेकांचा संशय धरीत. त्याच गांवीं १८५९ सालीं जन्मलेल्या डॉक्टर झामेनहॉफनें १८८७ सालीं वॉर्सा येथें आपली भाषा प्रसिद्ध केली. ‘एस्पेरांतो’, म्हणजे आशा बाळगणारा, हें त्यानें घेतलेलें टोपणनांवच पुढें भाषेला चिकटलें. तिचें मूळ व्याकरण अवघ्या सोळा नियमांचें. प्रत्येक नामाच्या शेवटीं ‘ओ’, अनेकवचनीं ‘य’, आणि द्वितीयेचा ‘न’. याखेरीज नामाला विभक्तीचा प्रत्ययच नाहीं. बाकीचे संबंध शब्दयोगी अव्ययें दाखवितात, आणि तीं नामाच्या आधीं येतात. ‘हुंदो’ म्हणजे कुत्रा, ‘कातो’ म्हणजे मांजर. ‘हुंदो वीदास कातोन’ म्हटलें काय किंवा ‘कातोन वीदास हुंदो’ म्हटलें काय, पाहणारा कुत्राच. एका ‘न’कारानें शब्दांना वाक्यांत हवें तेथें बसण्याची मोकळीक दिली.

या ‘न’काराचें पुढचें चरित्र मनोरंजक आहे. अनेकांना तो जड वाटूं लागला. १८९४ सालीं झामेनहॉफनें स्वतःच सुधारणांचा एक मसुदा मांडला. त्यांत हा प्रत्यय गाळला होता. अनुयायांनीं मतदान करून मसुदा नाकारला! निर्माता काढूं म्हणतो आणि बोलणारे राखूं म्हणतात. पुढें १९०७ सालीं ‘इदो’ या नांवाची सुधारलेली भाषा निघाली. तिनें मध्यम मार्ग काढला: कर्म कर्त्याच्या आधीं आलें तरच ‘न’ लावावा, एरव्हीं नको. जेथें संशय, तेथेंच प्रत्यय.

आतां मराठीकडे पाहूं. ‘सुतार लाकूड तासतो’ यांत लाकडाला प्रत्यय नाहीं. कारण लाकूड सुताराला तासणार नाहीं, हें सर्वांस ठाऊक आहे. पण ‘गाय वासराला चाटते’ यांत ‘ला’ काढला, तर कोण कोणाला चाटतें हें कळेनासें होतें. इदोची तोड शब्दांच्या क्रमावर आधारलेली, आपली सजीव-निर्जीव भेदावर. धोरण मात्र एकच. तिकडे त्यासाठीं विद्वानांची समिति बसली; इकडे शेतकरी-सुतारांनीं बोलतां बोलतां तें साधलें.

एक गोष्ट मात्र कोणीही भाषा रचणारा मुद्दाम करणार नाहीं: ती म्हणजे आपलें सामान्यरूप. ‘दोम’ला ‘ए’ लागतांना ‘दोम’ बदलत नाहीं. पण जालना म्हटलें कीं ‘जालन्याला’, आणि भोकरदन म्हटलें कीं नुसतें ‘भोकरदनला’. परदेशी माणसाला हा छळ वाटतो. परंतु ‘देवास’ या रूपांत संस्कृत ‘देवस्य’ आणि प्राकृत ‘देवस्स’ यांचा अवशेष आहे, असें भाषाशास्त्रज्ञ सांगतात. म्हणजे जुन्या प्रत्ययाच्या खोडावर नवा प्रत्यय फुटला. सामान्यरूप ही अडचण नसून वंशावळ आहे.

याच जालना जिल्ह्यांत, भोकरदन तालुक्यांत, जाळीचा देव हें महानुभावांचें तीर्थ आहे. चक्रधरस्वामींनीं आपला उपदेश मराठींत केला, आणि संस्कृतामुळें साध्याभोळ्या म्हाताऱ्या ज्ञानाला मुकतील म्हणून नागदेवाचार्यांनीं मराठीचाच आग्रह धरला. त्या सूत्रांचा अर्थ लावतांना कर्ता कोणता आणि कर्म कोणतें, हें ठरविणें भाग होतें. याच पंथांतील भीष्माचार्यांचें ‘पंचवार्तिक’ हें मराठीचें आद्य व्याकरण मानलें जातें. मराठीचें व्याकरण जन्मलें तें परीक्षेसाठीं नव्हे, वचनाचा अर्थ चुकूं नये म्हणून.

पुढें दादोबा पांडुरंगांचें व्याकरण १८३६ सालीं आणि मोरो केशव दामल्यांचें १९११ सालीं प्रसिद्ध झालें. आपल्या शालेय व्याकरणांत मात्र संस्कृत विभक्तींचा सांचा कायम राहिला. संस्कृतांत द्वितीया आणि चतुर्थी यांचीं रूपें निराळीं, म्हणून आपल्या कोष्टकांतही दोन ओळी. त्या सारख्या निघाल्या तरी खोडल्या नाहींत. त्या चौकस मुलाला द्यावयाचें उत्तर हेंच. तें दिलें तर कोष्टक त्याला इतिहासाचें पान वाटेल. न दिलें तर तो मराठी म्हणजे निरर्थक पाठांतर समजेल आणि तिच्याकडे पाठ फिरवील. माळ पाठ करवून घ्यावी. पण तिच्यांतील मणी कोठून आले, तेंही सांगावें.