उलट्या शेवंडीचा वाद : प्राणिशरीररचनेच्या इतिहासातील जनुकांची साक्ष

प्रस्तावना
सर्व प्राण्यांच्या शरीररचनेमागे एकच मूळ आराखडा आहे की अनेक, हा प्रश्न जीवशास्त्राच्या इतिहासात दोन वेळा प्रकर्षाने उपस्थित झाला. प्रस्तुत लेखात त्या दोन टप्प्यांतील संबंधाचा विचार केला आहे.

१८३० चा वाद
जॉर्ज क्यूव्हिए यांनी प्राणिसृष्टीचे चार स्वतंत्र विभाग मानले. त्यांना जोडणारा कोणताही दुवा त्यांना मान्य नव्हता. एतिएन जॉफ्रॉय सेंट-हिलेअर यांना मात्र सर्वत्र रचनेचे ऐक्य दिसत होते. शेवंडीचा मज्जारज्जू पोटाकडे असतो, तर पृष्ठवंशीय प्राण्यांचा पाठीकडे. शेवंड उताणी ठेवली की तिच्या अवयवांची मांडणी पृष्ठवंशीयांसारखी दिसते, असे त्यांनी १८२२ मध्ये प्रतिपादन केले. १८३० मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीत दोघांचा जाहीर वाद झाला. तेव्हा क्यूव्हिए यांची सरशी झाली, असेच सामान्यतः मानले गेले.

जनुकांची साक्ष
१९६३ मध्येही अर्न्स्ट मायर यांच्यासारख्या अभ्यासकाला दूरच्या प्राण्यांत समान जनुके शोधणे व्यर्थ वाटत होते. १९८४ मध्ये हे चित्र पालटले. फळमाशीच्या शरीरखंडांची ओळख ठरविणाऱ्या जनुकांत सुमारे १८० बेसजोड्यांचा एक समान भाग आढळला. तोच भाग पुढे बेडूक, उंदीर व मानव यांच्यातही सापडला.

१९९० च्या दशकातील पुरावा तर थेट जॉफ्रॉय यांच्या प्रश्नाशी भिडणारा होता. बेडकाच्या भ्रूणात 'कॉर्डिन' हे जनुक पाठीच्या बाजूस कार्य करते. फळमाशीत त्याचे समकक्ष 'सॉग' हे जनुक पोटाच्या बाजूस. दोन्ही जनुके एकाच प्रकारच्या संकेत-प्रथिनाला रोखतात आणि त्यामुळे चेतासंस्थेच्या निर्मितीस वाव मिळतो. विशेष म्हणजे एका प्राण्याचे जनुक दुसऱ्याच्या भ्रूणातही प्रभावी ठरते.

समारोप
यावरून जॉफ्रॉय पूर्णतः बरोबर होते, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. त्यांना अभिप्रेत असलेले ऐक्य रचनेच्या नियमाचे होते. आज सिद्ध होणारे ऐक्य समान पूर्वजाच्या वारशाचे आहे. शिवाय जनुक समान असले तरी अवयव समान असतोच असे नाही. तथापि, सभेतील जय-पराजयाने शास्त्रीय प्रश्न निकाली निघत नाही. योग्य पुरावा हाती येईपर्यंत तो केवळ स्थगित राहतो, हे या इतिहासातून स्पष्ट होते.